जावयाला किती मार्क?

भिंगरीचं काम नेमकं काय, हे तिच्या आत्याला कधी नीट कळलंच नाही, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

म्हणजे बघा, भिंगरी काही रोबो बनवत नव्हती. बनवणारे वेगळे. ते यायचे, रोबोची पाठ उघडायचे, आत डोकावून चुकचुकायचे, पाठ बंद करायचे आणि निघून जायचे. भिंगरीचं काम त्याच्या पुढचं. रोबो समोर आला की माणसाला काय वाटतं, ते मोजायचं. आवडतो, की भीती वाटते, की राग येतो, की नुसतंच हसू येतं? जवळ बसावंसं वाटतं, की लांब? आणि मोजायचं म्हणजे खरंच मोजायचं, आकड्यात. हे तिनं आत्याला कितीदा तरी समजावलं. आत्या दर वेळी "हो गं, कळलं, मी काय कुक्कुलं बाळ आहे का" म्हणायची आणि खाली जाऊन शेजारणीला सांगायची, "आमच्या भिंगरीनं माणूस बनवलाय. थोडा बाकी आहे अजून."

भिंगरी हे नाव आत्यानंच ठेवलेलं. आईवडील कामासाठी लांब, म्हणून पोरगी आत्याकडे वाढली, आणि लहानपणी एका जागी मिनिटभर ठरायची नाही. आता चांगली मोठी झाली, नोकरीला लागली, तरी तेच. ती बसली तरी तिचे पाय काही बसायचे नाहीत. टाचा वरखाली, चवडे इकडेतिकडे, जेवतानासुद्धा टेबलाखाली आपलं चालूच. त्यात तिचे ते लाल बूट. एवढे लाल, एवढे लाल, की आत्या म्हणायची, "तू यायच्या आधी तुझे बूट येतात."

तर हा रोबो ठेवला होता एका व्यायाम केंद्रात. गुडघा, खुबा, खांदा, असं काही ना काही दुरुस्त करून घेतलेली माणसं तिथं यायची, आणि हातपाय परत कामाला लागावेत म्हणून व्यायाम करायची. बाहेर एक लांब बाक, आत मोठी खोली, भिंतीला लावलेल्या गाद्या, एक चाकाची खुर्ची आणि मधोमध रोबो. छातीएवढा उंच, पांढराशुभ्र, डोकं वाटोळं, डोळ्यांच्या जागी दोन निळे दिवे. तो हात वर करायचा, की समोरच्यानं हात वर करायचा. तो खाली, की आपण खाली. आणि दर वेळी तो म्हणायचा, "शाब्बास! फार छान!" आवाज मात्र हुबेहूब त्या इमारतीच्या लिफ्टसारखा. व्यायामाला येणारे ड्रायव्हरकाका पहिल्या दिवशी म्हणाले, "मला वाटलं, हा आता दार लावून मला गच्चीवर नेतोय."

त्याचं कागदावरचं नाव काहीतरी अक्षरं आणि आकडे असं होतं. बाकावरच्या मंडळींनी ते एका दुपारीत मोडीत काढलं. आधी "डबा" झालं, मग "साहेब" झालं, आणि शेवटी आत्यानं जे नाव ठेवलं ते चिकटलं ते चिकटलंच: जावई. का, तर म्हणे, "येतो, मधोमध बसतो, कामाचं काही करत नाही, आणि तरी सगळ्यांनी कौतुक करायचं."

आत्या तिथं कशी? तर तिचा गुडघा. नवा बसवला होता, आणि त्याच केंद्रात तिचा व्यायाम चालायचा. पण भिंगरीच्या मोजणीत आत्याला घेतलं नव्हतं. मॅडमचा नियम होता, घरचं माणूस मोजायचं नाही. आत्याला हे भलतंच लागलं. "सगळ्या गावाला विचारणार आणि मला नाही? माझा गुडघा काय दुसऱ्याचा आहे?" म्हणून मग ती रुसून बाहेर बाकावर बसायची, आणि रुसली होती तरी तोंड काही बंद नव्हतं.

मॅडम म्हणजे भिंगरीच्या वरच्या. त्यांना सगळे पट्टी-मॅडम म्हणायचे, कारण त्या कशावरही विश्वास ठेवायच्या आधी ते मोजायच्या. त्यांनीच भिंगरीला शिकवलं होतं की माणसाचं दोन ठिकाणी माप घ्यायचं. एक तोंडाचं. व्यायाम झाला की रोबो स्वतःच विचारायचा, "मी तुम्हाला किती आवडलो? एक ते सात यातला एक आकडा सांगा." दुसरं खुर्चीचं. चाकाची खुर्ची दारापाशी ठेवलेली असायची, ज्यानं त्यानं ती आपल्याला हवी तिथं ओढून बसायचं, आणि रोबोपासून किती लांब बसला ते छतावरच्या कॅमेऱ्यातून मोजायचं. "तोंड सभ्य असतं," मॅडम म्हणायच्या, "खुर्ची नसते."

आणि तिसरा नियम सगळ्यात मोठा: मोजणारा माणूस दिसता कामा नये. म्हणून भिंगरी खोलीच्या लांबच्या कोपऱ्यात, पडद्यामागं, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायची. रोबो अडकलाच तर थांबवायचं बटण तिच्या हातात. पडदा छान जाड होता. खिडकीचा होता.

हे लक्षात ठेवा. खिडकीचा होता.

पहिल्या दिवसापासून आकडे असे आले की भिंगरीचे पाय जमिनीवर ठरेनात. सात. सात. सात. मधेच एखादा सहा यायचा, तोही लगेच "नाही नाही, सातच लिही" असा. ड्रायव्हरकाका आले. हे म्हणजे आयुष्यभर बस चालवलेले गृहस्थ, खांदा दुखावलेला, आणि त्यांना जगातलं काहीही पसंत नव्हतं. चहा पाणचट, पंखा हळू, बाक टणक, डॉक्टर कोवळा. त्यांनी रोबोकडे बघितलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "सात." मग मास्तरीणबाई आल्या. चाळीस वर्षं गणित शिकवलेल्या, आणि पूर्ण मार्क म्हणजे मुलांना बिघडवणं असं मानणाऱ्या. त्यासुद्धा! "स... सात," असं जरा अडखळत, पण सातच.

भिंगरी घरी नाचत गेली. "आत्या, ड्रायव्हरकाकांनी सात दिले! त्यांना आवडला गं तो! खरंच आवडला!"

"मग? आवडणारच," आत्या म्हणाली आणि उगाच भांडी आवरायला लागली.

एकच गोष्ट भिंगरीला टोचत होती. खुर्ची. जो येईल तो सात म्हणायचा आणि खुर्ची मात्र रोबोपासून पार लांब, त्या कोपऱ्याकडे नेऊन बसायचा. म्हणजे तोंडानं जिवाभावाचा आणि खुर्चीनं जसा काही चावरा कुत्रा. तिनं रोबोचा आवाज कमी करून बघितला. दिवे मंद केले. बनवणाऱ्यांना सांगून त्याचे हात सावकाश हलवायला लावले. काही फरक नाही. खुर्ची आपली त्या कोपऱ्यातच.

मग पट्टी-मॅडम आल्या. आकडे बघितले, चष्मा काढला, पुसला, परत बघितले.

"हे काय आहे?"

"आवडलाय, मॅडम!"

"अगं, माझ्या सख्ख्या बहिणीला मी सात देणार नाही. तिच्याशी रोज बोलते मी." मॅडमनी खुर्चीच्या आकड्यांवर बोट ठेवलं. "आणि हे? एवढा आवडतो तर सगळे त्याच्यापासून पळतात का? काहीतरी चुकतंय. आपण जे मोजतोय असं वाटतंय, ते मोजत नाहीयोत."

"मग काय मोजतोय?"

"ते तू शोध. शनिवारी वरचे साहेब येतायत. त्यांच्यासमोर मी हे ठेवणार नाही. खरा आकडा असेल तर तुझं काम पुढं चालेल. नसेल तर रोबो खोक्यात जाईल, आणि तू वॉशिंग मशीनवाल्यांकडे."

वॉशिंग मशीनवाल्यांकडे म्हणजे तळमजल्यावर एक बिनखिडकीची खोली होती, आणि तिथं माणसं मशीनच्या बटणांकडे बघतात कशी, ते मोजायचं. दिवसभर.

"आकडा वाईट आला तर?" भिंगरीनं हळूच विचारलं.

"वाईट चालेल," मॅडम म्हणाल्या. "खोटा नको."

आता गंमत ऐका. दुसऱ्याच दिवशी केंद्राचा जिना धावत चढताना भिंगरीच्या डाव्या बुटाचा तळ निघाला. जीभ बाहेर काढल्यासारखा लोंबायला लागला. केंद्राच्या काउंटरवरच्या ताईकडे गोंद होता. तिनं तो लावून दिला, वर म्हणाली, "हलवू नकोस हं, वाऱ्यावर ठेव, दुपारपर्यंत वाळेल," आणि स्वतःच्या जुन्या चपला दिल्या. वारा कुठं चांगला? तर पडद्यामागच्या कोपऱ्यात, पंख्याखाली. भिंगरीनं दोन्ही बूट तिथं शेजारीशेजारी ठेवले. आणि नेमकं त्या दिवशी पडद्यामागचं प्लग पॉइंट बंद पडलेलं, लॅपटॉपची बॅटरी संपत आलेली. म्हणून ती चपला फटफटवत काउंटरवर जाऊन बसली. कॅमेरा काय, तिथूनही दिसत होता, आवाजही ऐकू येत होता. थांबवायचं बटणही तिथूनच दाबता येत होतं.

ड्रायव्हरकाका खोलीत आले. भिंगरी पडद्यावर, म्हणजे लॅपटॉपच्या पडद्यावर, बघत होती. काकांनी खुर्ची ओढली, ओढली, थेट कोपऱ्याकडे नेली आणि बसले. आणि बसल्यावर ते रोबोकडे बघेनातच. मान तिरकी करून खाली, जमिनीकडे बघत होते. मग हलक्या आवाजात, जो त्यांच्याकडे आहे हेच कुणाला माहीत नव्हतं, म्हणाले, "काय पोरी, बरी आहेस ना?"

भिंगरी दचकली. कुणाशी बोलतायत?

रोबोनं हात वर केला. काकांनी केला. "शाब्बास! फार छान!" असं चाललं. काकांचं सगळं लक्ष कोपऱ्यात. शेवटी रोबोनं विचारलं, "मी तुम्हाला किती आवडलो? एक ते सात यातला एक आकडा सांगा."

"सात," काका म्हणाले, आणि वाकून जमिनीकडे बघितलं. थांबले. परत म्हणाले, जरा मोठ्यानं, "सात म्हटलं मी."

काही नाही.

काकांच्या चेहऱ्यावर काळजी दिसायला लागली. "नाराज झालीस का गं? कमी पडले का?" मग रोबोकडे वळून, "ए, आठ आहे का?"

"एक ते सात यातला एक आकडा सांगा," रोबो म्हणाला.

"अरे तू गप रे जरा! तिच्याशी बोलतोय मी." आणि परत कोपऱ्याकडे, खुर्ची आणखी थोडी पुढं सरकवून, "आठ घे, पोरी. दहा घे. पण अशी गप्प नको बसू. घरी काही झालं का? आत्या बोलली का काही?"

तेव्हा भिंगरीला दिसलं. पडदा खिडकीचा होता. जमिनीपर्यंत पोचतच नव्हता. वीतभर अंतर मोकळं होतं, आणि त्या मोकळ्या जागेत, शेजारीशेजारी, लालभडक, तिचे बूट. एवढे दिवस ती लपली होती म्हणे! ती चवड्यांपर्यंत सगळ्यांना दिसत होती. आणि ती खुर्ची! खुर्ची रोबोपासून लांब जात नव्हती. खुर्ची तिच्या जवळ येत होती.

ती चपलांसकट धावत आत गेली. काकांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा रिकाम्या बुटांकडे बघितलं, आणि असे काही लाल झाले की बूट फिके पडावेत.

"पंखा फार हळू आहे तुमचा," ते म्हणाले आणि उठून निघून गेले.

संध्याकाळी स्वयंपाकघरात आत्या मटार सोलत बसली होती. भिंगरी समोर जाऊन उभी राहिली.

"आत्या, तू त्या बाकावर बसून लोकांना काय सांगितलंस?"

"मी? काही नाही." एक दाणा टुणकन उडून फ्रिजखाली गेला.

"आत्या."

"अगं, एवढंच की पोरीची परीक्षा आहे."

"कसली परीक्षा?"

"तूच म्हणालीस ना? आकडे येतात, मग मॅडम बघतात, मग पुढचं ठरतं. ह्याला परीक्षा नाही तर काय म्हणतात?"

"अगं पण ते आकडे रोबोला होते! विचारत पण तोच होता! मी कुठं विचारत होते?"

"विचारत होता तो, पण ऐकत होतीस तू." आत्यानं शेंग खाली ठेवली. "मला सांग, मुलीच्या आईला समोर बसवायचं, आणि तिच्याच देखत विचारायचं, आमचा जावई कसा वाटला? कोण म्हणेल गं, की मख्ख आहे, शिवाय आवाज लिफ्टचा आहे?"

भिंगरीनं बारीक आवाजात विचारलं, "मख्ख आहे म्हणतात?"

"मी कुठं म्हटलं? उदाहरण दिलं."

"आत्या..."

"आणि तुझे ते बूट! कुणी सहा म्हटलं की ते जमिनीला चिकटायचे. सात म्हटलं की नाचायला लागायचे. सगळ्यांना पाठ झालं होतं. मास्तरीणबाई बिचाऱ्या पाचच देणार होत्या. म्हणाल्या, मी नुसतं 'पा' म्हटलं तर एक बूट आडवा पडला हो, मला नाही बघवलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला पूर्ण मार्क दिले त्यांनी. घरी जाऊन रात्रभर झोप नाही लागली त्यांना."

भिंगरीला हसावं की रडावं कळेना. म्हणजे एवढे दिवस ती पडद्यामागं बसून माणसं मोजत होती, आणि पडद्याच्या पुढं बसून माणसं तिला मोजत होती. आणि त्यांचं माप तिच्यापेक्षा पक्कं होतं! ती खुर्चीत धपकन बसली आणि खरंच रडायलाच लागली.

"अगं, रडतेस काय? चांगलंच केलं ना त्यांनी?"

"चांगलं केलं गं," भिंगरी हुंदका देत म्हणाली, "पण मला वाटलं, तो आवडला त्यांना. मला तो खूप आवडतो, आत्या. हात वर करतो ना, तेव्हा आधी थोडा थरथरतो, बघितलंयस? आणि आता मला काहीच माहीत नाही. कुणाला तो आवडतो, कुणाला नाही, काहीच. आणि शनिवार आला."

आत्यानं मटाराचं ताट बाजूला सारलं. थोडा वेळ नुसतंच भाचीच्या डोक्यावर हात ठेवून बसली. मग म्हणाली, "मग असं कुणीतरी बसव ना तिथं, ज्याला वाईट वाटलं तरी कुणाला काही वाटणार नाही."

भिंगरीनं डोळे पुसले. असं एकच माणूस तिच्या ओळखीचं होतं.

सकाळी ती मॅडमसमोर उभी राहिली आणि एका श्वासात सगळं सांगून टाकलं. बूट, पडदा, बाक, आत्या, परीक्षा, आठ आहे का, सगळं. "आकडे रोबोचे नाहीत, मॅडम. माझे आहेत."

मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या, "म्हणजे एवढ्या माणसांनी तुला सात दिले."

"हो."

"मला कुणी दिले नसते."

"म्हणूनच तर विचारायला आलेय," भिंगरी बोलून गेली आणि मग जीभ चावली.

पण पट्टी-मॅडम हसल्या! म्हणजे ओठाचा एक कोपरा हलला, पण हलला. "ठीक आहे. मी बसते. पडदा काढून टाक, समोर बसते. आणि तू इमारतीत दिसता कामा नयेस. तुझे बूटही नाहीत."

मग काय, शुक्रवारी भिंगरी रस्त्याच्या पलीकडे, कपडे इस्त्री करणाऱ्याच्या दुकानासमोरच्या पायरीवर बसून राहिली. इस्त्रीवाला म्हणाला, "कुणाची वाट बघताय का?" ती म्हणाली, "निकालाची." तो म्हणाला, "मग पाय कशाला आपटताय, निकाल काय पायानं लागतो?" ती पायावर पाय ठेवून बसली. वर त्या खिडकीत काय चाललं असेल? काय म्हणत असतील? मख्ख म्हणत असतील. नक्की मख्खच म्हणत असतील. वॉशिंग मशीनची बटणं तिच्या डोळ्यांसमोर फिरायला लागली.

दुपार कलली तेव्हा फोन वाजला. मॅडम. "वर ये. आवाज करू नकोस, दाराच्या काचेतून बघ."

ती अनवाणीच जिना चढली, बूट हातात. दारापाशी मॅडम उभ्या होत्या. आत ड्रायव्हरकाका एकटेच रोबोसमोर होते, त्यांचा व्यायाम संपत आला होता.

"किती दिले?" भिंगरीनं कुजबुजत विचारलं.

"काकांचे बाकी आहेत. मास्तरीणबाईंनी तीन. बाकीच्यांनी दोन, तीन, एकानं एक. मला त्यांनी बरंच काही सुनावलं. जसा काही मीच त्याला जन्म दिलाय." मॅडमचा आवाज नेहमीसारखाच होता. "मी तोंड वाकडं करून ऐकत होते, तसे ते आणखी खुलत होते."

भिंगरीचा चेहरा एवढासा झाला. "म्हणजे नाही आवडला."

"बघ तर खरं."

तिनं काचेला नाक लावलं. आणि बघते तर काय, खुर्ची कोपऱ्यात नव्हतीच! काकांनी खुर्ची रोबोच्या पुढ्यात, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ ओढली होती. रोबोनं हात वर केला. काका हात मांडीवर ठेवून ढिम्म बसून राहिले.

"शाब्बास! फार छान!" रोबो म्हणाला.

"कशाचं शाब्बास?" काका गरजले. "हात हलवला का मी? हलवला? बोल ना! लबाडा, उगाच गोड बोलतोस होय? लोकांना असं फुकटचं शाब्बास म्हणायचं नसतं, त्यांची वाट लागते!" आणि त्यांनी वाकून रोबोच्या वाटोळ्या डोक्यावर टपली मारली. मग तीच जागा तळव्यानं पुसली. "चल, परत. आणि आता मी खरंच केलं तरच म्हण. सावकाश. थरथरतोस कशाला? मी काय खातोय तुला?"

रोबोनं थरथरत हात वर केला. काकांनी आपला दुखरा खांदा दात आवळून वर नेला, नेहमीपेक्षा बराच वर.

"शाब्बास! फार छान!"

"हां. आता कसं!"

"मी तुम्हाला किती आवडलो? एक ते सात यातला एक आकडा सांगा."

"दोन," काका म्हणाले. "आणि ते दोन पण कौतुक म्हणून देतोय. उद्या परत बघू."

भिंगरीनं तोंडावर हात दाबून धरला. मॅडमनी तिच्यापुढं कागद धरला, दिवसभरातल्या खुर्च्यांची मापं. एकूण एक खुर्ची रोबोच्या शेजारी. मास्तरीणबाई तर एवढ्या जवळ की कॅमेऱ्यात त्यांचं आणि त्याचं डोकं एकच दिसत होतं. त्यांनी त्याला आकडे म्हणायला लावले होते आणि चुकल्यावर पुन्हा पहिल्यापासून.

"सात देत होते तेव्हा त्याच्याकडे कुणी बघतही नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "दोन देतायत, आणि उठत नाहीयेत. ह्यांची वेळ मघाशीच संपलीय." त्यांनी खिशातलं पेन काढलं. "वाईट आकडा आहे. साहेबांना हाच दाखवणार. आणि बनवणाऱ्यांना आधी ते शाब्बास दुरुस्त करायला सांग."

"म्हणजे वॉशिंग मशीन..."

"लोकांकडे आहेत मशीन. त्यांना बटणं सापडतात. तू इथंच." आणि सही करून त्या निघूनसुद्धा गेल्या.

भिंगरी घरी पोचली तर आत्या दारातच. "काय झालं? बोल लवकर. किती आले?"

"दोन, तीन. एकानं तर एक दिला."

"अरे देवा!" आत्यानं कपाळावर हात मारला. "मेले! मी समजावून सांगितलं होतं की मनातलं बोला, पण एवढं?"

"पास झाले गं, आत्या!" भिंगरीनं तिला मिठीच मारली. मग हात धरून सगळं सांगितलं, काकांची टपली, पुसलेलं डोकं, मास्तरीणबाईंचा वर्ग, आणि रोबो खोक्यात जाणार नाही ते. आत्या ऐकता ऐकता दोनदा हसली आणि एकदा पदरानं डोळे पुसले, "कांदा चिरत होते मघाशी" असं सांगून. कांदा कुठं दिसत नव्हता.

जेवायला बसल्यावर भिंगरी म्हणाली, "आता नियमबियम नाहीत. तुझं माप राहिलंय. एक ते सात, सांग."

"जावयाला?"

"नाही. मला."

आत्यानं घास खाली ठेवला. भाचीकडे वरपासून खालपर्यंत नीट बघितलं, बाजारात भोपळा बघतात तसं.

"तीन."

"तीन! आत्या!"

"सकाळी दूध उतू घालवलंस. ओला टॉवेल पलंगावर टाकून गेलीस. बूट हातात घेऊन भर रस्त्यातून आलीस, तळपाय बघ काय झालेत. तीन पण आत्या आहे म्हणून." असं म्हणत तिनं आपली खुर्ची करकरत टेबलाच्या ह्या बाजूला आणली, अगदी चिकटून, आणि नवा गुडघा उचलून भिंगरीच्या मांडीवर ठेवला. "दाब जरा. हळू."

भिंगरी दाबायला लागली.

"आणि पाय हलवू नकोस," आत्या म्हणाली. "माझं अख्खं ताट हलतंय."